किनारा कोणाच्या सातबाऱ्यावर?

गेल्या मे महिन्यात मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामसभा भरली आणि समुद्राला लागून असलेल्या काही गुंठ्यांवरून तिच्यात दोन तास वाद झाला. जमीन आमच्याच भावकीतल्या एकाची, गिऱ्हाईक बाहेरचे आणि बेत रिसॉर्टचा. कोकणात आता या गोष्टीचे कोणाला नवल उरलेले नाही. भांडण जमिनीपेक्षा तिच्यातून समुद्राकडे उतरणाऱ्या पायवाटेवरून पेटले. वाट कोणत्याही नकाशावर नाही, मात्र गावाची तिच्यावरची वहिवाट पिढ्यान् पिढ्यांची आहे. विक्रीच्या बाजूने बोलायला उठलेला माझा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, की एकदा कोकणाचा मॉरिशस होऊ द्या, मग पायवाटेची आठवणही कोणाला येणार नाही. त्यावर सभेत हशा पिकला, कारण मी नऊ वर्षे मॉरिशसमध्ये राहतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. रात्री काकांचा फोन आला. “तू थंय ऱ्हवतंस मां? मगे सांग बगया, थंयसर दर्यो कोणाचो?”

त्या रात्री मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. मात्र प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

कोकणाचा कॅलिफोर्निया करण्याचे आश्वासन ऐकत माझी पिढी लहानाची मोठी झाली. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला, तेव्हा मी शाळेत होतो आणि मालवणच्या धक्क्यावर भाषणे ऐकल्याचे मला अंधुक आठवते. पुढे कॅलिफोर्नियाची जागा हळूहळू मालदीव आणि मॉरिशसने घेतली. तुलना म्हणून हे निदान आकाराने जवळचे आहे. मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे, तर एकटा सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश जागेत इथे साडेबारा लाख माणसे राहतात आणि २०१९ साली त्यांच्याकडे १३ लाख ८३ हजार पाहुणे येऊन गेले. घरातल्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त, अशी ही यजमानी आहे. या आकड्याचे आकर्षण मला समजते. ज्या गावात सहा घरांपैकी चार घरांना कुलूप असते तिथल्या तरुणाला तर ते वाटायलाच हवे.

प्रश्न एवढाच, की मॉरिशस म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर नक्की काय असते. आपल्याकडे या देशाची ओळख तीन वाटांनी झाली: मधुचंद्राच्या सहली, हिंदी चित्रपटांतली गाणी, आणि १९८३ च्या कर करारामुळे इथून फिरून भारतात येणारा पैसा. सहलीला आलेला मराठी माणूस बेटाच्या आग्नेय टोकाच्या विमानतळावर उतरतो, हॉटेलच्या गाडीत बसतो आणि पाच रात्री सहा दिवसांत एकदा शामारेलची सात रंगांची माती, एकदा गंगा तलावाकाठचा १०८ फुटी शंकर आणि एकदा पाँप्लमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपाने पाहून परत जातो. या जागा पाहण्यासारख्याच आहेत, मी स्वतः प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो. पण उरलेला वेळ ज्या निळ्या, संथ पाण्यात जातो, ते पाणी उचलून आणणे कोणत्याही सरकारच्या हातात नाही. बेटाला प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिच्यावर फुटतात, आतले पाणी कमरेएवढे आणि शांत राहते आणि पुळण प्रवाळाच्या चुऱ्याची म्हणून पांढरी असते. आमच्याकडे अशी भिंत नाही, जून उजाडला की उधाण थेट माडांच्या मुळाशी येते. गंमत म्हणजे दोन्हीकडचा कातळ एकाच पोटचा आहे. ज्या तप्तबिंदूतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड बाहेर पडला, त्यानेच फार नंतर, ऐंशी लाख वर्षांमागे, हे बेट वर आणले. इथल्या उसाच्या शेतांत मजुरांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कोल्हापूरकडे जाताना घाटमाथ्यावर लागणारे शेतांचे बांध आठवले होते.

हॉटेलच्या गाडीतून दिसत नाही तो मॉरिशस पाहायचा तर रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावे. मी कात्र बोर्नला राहतो, तिथून ते अर्ध्या तासावर आहे. किनाऱ्यालगत झाडे उभी आहेत ती आपल्या ओळखीची, सुरूची. इथे त्यांना ‘फिलाओ’ म्हणतात, पण वाऱ्यात होणारा आवाज तोच. सकाळी नऊलाच पठारावरच्या गावांतून भाड्याच्या बसगाड्या येतात. एकेका गाडीतून तीन-चार कुटुंबे उतरतात आणि त्यांच्यामागून सतरंज्या, गॅसची शेगडी, पाण्याचे पिंप, आजीची प्लास्टिकची खुर्ची आणि बिर्याणीचे भांडे उतरते. त्या भांड्याला इथेही ‘देग’च म्हणतात. शेजारच्या सुरूखाली एखादे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातले, कुटुंब असते. त्यांच्यातला एक जण झावळ्या पेटवून त्या आचेवर रावान फिरवत असतो, कारण बकऱ्याच्या कातड्याचे हे मोठे, पसरट चामडी वाद्य गरम झाल्याशिवाय बोलत नाही. थोड्या वेळाने त्यावर सेगा सुरू होतो. आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांचे हे गाणे-नाचणे. त्यात पाय जमिनीवरून उचलत नाहीत, नुसते घसटत नेतात. २०१४ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारसा ठरवले आणि तेव्हापासून हॉटेलांतल्या शनिवारच्या कार्यक्रमांत त्याची चमचमत्या झग्यांतली आवृत्ती वाढली. सुरूखालचा सेगा मात्र पाहुण्यांसाठी नसतो. मधूनच मोटारसायकलवर काचेची पेटी बांधलेला दाल पुरीवाला येतो. दाल पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची गूळ न घातलेली, मऊ, पातळ बहीण. ती नेहमी जोडीनेच घ्यायची असते, म्हणून गिऱ्हाईक फक्त “एन पेर” एवढेच म्हणते. तो दोन पुऱ्या उलगडतो, वर वालाच्या मोठ्या दाण्यांची कढी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळतो. बिहारी मजुराची पुरी, फ्रेंच धाटणीचा टोमॅटो आणि क्रेओल बोली एका घासात येते. याविषयी इथे कोणी भाषण करत नाही, भूक लागलेली असते.

हे चित्र रम्य आहे म्हणून सांगत नाही. ते ज्या जमिनीवर घडते तिची मालकी कोणाची, हा काकांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अठराव्या शतकापर्यंत मागे जाते. डच लोकांनी १७१० साली बेट सोडल्यावर आलेल्या फ्रेंचांनी किनाऱ्याची एक पट्टी राजाकडे राखून ठेवली होती. भरतीच्या रेषेपासून आत ५० ‘पा जेओमेत्रीक’, म्हणजे राजाच्या मापाची पन्नास पावले. मीटरमध्ये ती ८१.२१ भरतात. हेतू संरक्षणाचा होता, तोफा आणि पहारे ठेवायला मोकळी जागा हवी होती. १८१० साली ब्रिटिशांनी बेट जिंकले तरी ही पट्टी तशीच राहिली आणि १८९५ च्या कायद्याने ती पक्की झाली. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला, तरी राजाची पन्नास पावले हलली नाहीत. आज ही पट्टी सरकारची आहे आणि ती विकता येत नाही. हॉटेल असो की श्रीमंतांचा समुद्रकाठचा बंगला, जागा मिळते ती भाडेपट्ट्याने. पट्टीतले कित्येक तुकडे सार्वजनिक किनारे म्हणून जाहीर केलेले आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी २००२ च्या कायद्याने वेगळे प्राधिकरण नेमले आहे. हॉटेलसमोरची ओली पुळण, म्हणजे भरतीच्या रेषेखालची जागा, तर सगळ्यांचीच.

कागदावर असे आहे. प्रत्यक्षात काय होते तेही सांगतो, नाहीतर चुलतभाऊ म्हणेल की परदेशात गेलेल्या माणसाला तिथले सगळे सोन्याचेच दिसते. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन मी पूर्वेकडच्या एका किनाऱ्यावर चालत होतो. एका मोठ्या हॉटेलसमोर आल्यावर पहारेकऱ्याने अतिशय नम्रपणे आम्हांला “जरा पलीकडून” जायला सांगितले. पलीकडे गुडघाभर पाणी होते. मी कायदा सांगितला, तो हसला आणि म्हणाला की कायदा त्यालाही माहीत आहे, त्याची आजी याच किनाऱ्यावर शिंपल्या वेचायची. शेवटी आम्ही पाण्यातून गेलो, आई साडी वर धरून आणि मी तिचा हात धरून. हे एकट्याचे गाऱ्हाणे नाही. दक्षिणेकडे पोम्पोनेत इथे सार्वजनिक किनाऱ्याचा दर्जा काढून जागा हॉटेलसाठी दिली गेली, तेव्हा लोक कुंपणाशी जाऊन उभे राहिले. त्या चळवळीचे क्रेओल नावच ‘आरेत कोकँ नू लाप्लाज’ असे आहे, म्हणजे ‘आमचे किनारे चोरणे थांबवा’. पश्चिम किनाऱ्यावर तामारँच्या आसपास परदेशी लोकांसाठी कुंपणबंद बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. २००२ पासून आलेल्या निरनिराळ्या योजनांखाली ठरावीक किमतीवरचे घर घेतले की राहण्याचा परवानाही मिळतो. त्या भागात माझ्या कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांना आता भाड्याची खोलीही परवडत नाही. ल मोर्नचा डोंगर तर डोळ्यांत खुपावा असा आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत लपत. गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला धरायलाच आले आहेत असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी इथली लोककथा आहे. २००८ साली डोंगर जागतिक वारसा यादीत गेला आणि त्याच्या पायथ्याच्या पुळणीवर बेटावरची अतिशय महागडी हॉटेले उभी आहेत.

तरीही दोन्ही किनाऱ्यांत एक फरक उरतो आणि मला तो मोठा वाटतो. मॉरिशसमध्ये भांडण सुरू होते ते ‘किनारा आमचा आहे’ इथून, आणि तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी हॉटेलवाल्यावर पडते. आपल्याकडे ते सातबाऱ्यापासून सुरू होते. आपला सागरी किनारा नियमन क्षेत्राचा कायदा बांधकामाविषयी बोलतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यातही सवलतींची यादी मोठी. पण जमिनीची मालकी कोणाची यावर तो काही म्हणत नाही. मालकाने बांधकाम न करता नुसते तारेचे कुंपण घातले तर वाट बंद, आणि वहिवाट सिद्ध करायला तहसीलदाराच्या दारात वर्षे घालवायची ती गावाने. माझ्या मते कोकणातल्या पर्यटनाच्या सगळ्या चर्चेत हा मुद्दा जवळपास कोणी काढत नाही. चर्चा असते ती विमानतळाची, रस्त्याची, खोल्यांच्या संख्येची. चिपीला विमान उतरले की नाही यावर आमच्या गावात जेवढे तास खर्च झाले, त्याचा दहावा हिस्साही किनाऱ्याच्या वाटांवर झाला नसेल.

वाट बंद झाली तर नक्की काय बंद होते हे ज्याने रापण पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून अर्धवर्तुळात फिरून येते आणि मग दोन्ही दोर धरून तीस-चाळीस माणसे तासभर मागे मागे चालत जाळे ओढतात. मागे मागे चालायला पुळण मोकळी लागते. तिथे छत्र्या, आरामखुर्च्या आणि वाळूचे कुंपण आले की रापण संपली, तिच्यासाठी वेगळा बंदी हुकूम काढावा लागत नाही. लहानपणी मी दोराला हात लावला म्हणून वाट्याला आलेले चार बांगडे घरी आणल्याचा अभिमान मला अजून आहे. मालवणच्या मच्छीमारांनी १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याला एवढा विरोध का केला, हे तेव्हा शहरी निसर्गप्रेमींना कळले नव्हते. समुद्र वाचवायला त्यांची ना नव्हती, पण समुद्राकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या हातात जाण्याची भीती होती. मॉरिशसच्या ब्लू बेला १९९७ साली असेच सागरी उद्यान झाले. तिथे आजही स्थानिक होडीवाले काचेच्या तळाच्या होड्यांतून पाहुण्यांना प्रवाळ दाखवतात आणि त्याच गावातली मुले उद्यानाला लागून असलेल्या सार्वजनिक किनाऱ्यावर चेंडू खेळतात. तिथे कुरबुरी नाहीत असे नाही, मात्र गाव तिथून उठले नाही.

आता काकांच्या प्रश्नाचा दुसरा पदर, जो फोनवर बोलायला अवघड होता. दर्या कोणाचा असे विचारताना आपण हे विसरतो, की इथल्या मराठी माणसांचे पूर्वज आपल्याच किनाऱ्याने पोसले नाहीत म्हणून इकडे आले. १८३४ पासून १९२० पर्यंत पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर उतरले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूचे लोक होते. आज त्यांचे वंशज देशाच्या लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. घाटावरच्या कारकुनाने मजुराचे एकच नाव लिहिले आणि तेच पुढे आडनाव झाले, त्यामुळे इथे सखाराम, भिवाजी ही आडनावे आहेत आणि त्यांचे स्पेलिंग फ्रेंच वळणाचे आहे. घाटाच्या काळ्या दगडांच्या पायऱ्या २००६ साली जागतिक वारसा झाल्या. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा मला आठवला तो मुंबईचा भाऊचा धक्का. माझे आजोबा तिथे गिरणीतल्या नोकरीसाठी उतरले होते, तेही किनाऱ्याने पोसले नाही म्हणूनच. मजूर इकडे आला, चाकरमानी मुंबईला गेला, मी एबेनच्या काचेच्या इमारतीत हिशेब तपासायला आलो. चुलतभाऊ गावात राहिला. तेव्हा गावाने जमीन विकावी की नाही हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, याचा हिशेब माझ्या बाजूने फारसा लागत नाही, हे मला मान्य आहे.

पण त्या राहून गेलेल्या मराठी माणसांनी इथे काय केले ते पाहण्यासारखे आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, आणि बहुतेक वर्षी ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते. पहिल्या वर्षी मला ही सरकारी चूक वाटली होती. मग लक्षात आले, की सुट्टी दीड दिवसाच्या विसर्जनाची आहे. दीड दिवसाचा गणपती ही कोकणातल्या घराघरातली रीत, ती या देशाच्या राजपत्रात जाऊन बसली आहे. बेटावरचा पहिला गणपती १८९६ साली एका मराठी कुटुंबाने बसवला असे इथे सांगतात आणि त्या घराण्यात तो अजून बसतो. विसर्जनाला ढोलकीवर जाखडी नाचतात, तीच आपली रत्नागिरीची, फक्त मधल्या काही ओळी क्रेओल वळणाने उच्चारल्या जातात. मिरवणूक येते ती सार्वजनिक किनाऱ्यावर किंवा नदीवर. गेल्या वर्षी विसर्जनानंतर एका ऐंशी वर्षांच्या आजींनी मला जवळ बसवून विचारले, की रत्नागिरीला अजून बोटीनेच जातात का. त्यांचे मराठी आरतीपुरते, बाकी सगळे बोलणे क्रेओलमध्ये. त्यांच्या नातीने शाळेत पर्यायी विषय म्हणून मराठी घेतले आहे, ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होती आणि आजींना भाषांतर करून सांगत होती. ‘पुळण’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण आजींना होता.

कोणी म्हणेल, हे सारे सलोख्याचे गोड चित्र झाले. तसे ते नाही. १९९८ साली इथल्या नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तमिळ समाज चिडला आणि सरकारला त्या नोटाच मागे घ्याव्या लागल्या. आजच्या नोटेवर इंग्रजीखाली तमिळ आहे आणि मग हिंदी. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाच्या लोकप्रिय क्रेओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा बेट काही दिवस पेटले होते. गेल्या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा आदेश एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी मला त्या नोटांची गोष्ट सांगितली, काहीशा समाधानाने, की अशी भांडणे फक्त आमच्याकडेच होतात असे नाही. भांडून झाल्यावर रविवारी सगळ्यांना त्याच सुरूखाली यावे लागते, कारण दुसरी जागा नाही. बेटाला मागची बाजू नसते, चारी बाजूंनी समुद्रच असतो.

त्या सुरूखालच्या जागेचे लोकांच्या मनातले मोल काय आहे हे मी २०२० साली पाहिले. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ नावाचे मालवाहू जहाज पॉइंट द’एस्नीजवळच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे एक हजार टन तेल पाण्यात उतरले. सरकार काय करते याची लोकांनी वाट पाहिली नाही. शनिवारी मी माहेबुर्गला पोहोचलो तेव्हा धक्क्यावर शेकडो माणसे बसून उसाचे वाळलेले पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत ठासून भरत होती, बायका तोंडे शिवत होत्या, मुले रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधत होती, म्हणजे ते तरंगेल. अशी मैलोगणती लांब वेटोळी पाण्यात सोडून त्यांनी तेल अडवले. लोकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. माझ्या शेजारी एक मौलवी, एक बँकेतली बाई आणि दोन शाळकरी मुले होती. दोन दिवस हातांचा काळा वास गेला नाही. २९ ऑगस्टला पोर्ट लुईत हजारो लोकांचा मोर्चा निघाला, अलीकडच्या काळात देशाने पाहिलेला फार मोठा. ज्या किनाऱ्यावर पहारेकरी आपल्याला उभे राहू देत नाही, त्या किनाऱ्यासाठी कोणी शनिवार-रविवार पाचट भरत बसेल का, असा मला तेव्हा प्रश्न पडला होता आणि तो कोकणापुरता अजून पडलेला आहे.

हे सगळे मी जूनमध्ये काकांना आणि चुलतभावाला एकत्र व्हिडिओ कॉलवर सांगितले. माझी सूचना साधी होती. जमीन विकू नये, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी. त्या पट्ट्यात वाट लिहून घ्यावी. आणि ग्रामसभेने ठराव करून भरतीच्या रेषेपासून काही अंतर गावाची वहिवाट म्हणून सगळ्याच किनारी जमीनमालकांकडून मान्य करून घ्यावे, मग जमीन कोणाचीही असो. चुलतभावाने शांतपणे ऐकून घेतले. त्याचे उत्तरही साधे होते: भाडेपट्ट्याने मिळणाऱ्या पैशांत बहिणीचे लग्न होत नाही आणि दुरुस्तीवाचून पडायला आलेले घरही उभे राहत नाही, विक्रीत दोन्ही होते. पाहुणा आला तर गावातल्या चार पोरांना काम मिळेल, आणि त्यांना मुंबईला जावे लागणार नाही. तो म्हणाला, “दादा, तू पाचट भरायला शनिवारी गेलास, कारण तुझा पगार महिन्याच्या शेवटी येतो.” याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, आजही नाही. इथल्या हॉटेलांत हजारो मॉरिशियन मुले नोकरी करतात आणि त्या पगारावर त्यांची घरे चालतात, हेही मीच त्याला सांगितले होते.

काका मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. राजाची पन्नास पावले त्यांच्या मनात बसली होती. मी त्यांना सांगितले, की ती पावले आपली नव्हेत, राजाच्या मापाची, साधारण दोन पावलांचे एक. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी असताना ते काठी घेऊन पुळणीवर उतरले, अमावास्येच्या उधाणाने ठेवलेल्या कचऱ्याच्या रेषेवर उभे राहिले आणि तिथून शंभर पावले मोजत सरळ आत चालत आले. संध्याकाळी फोन आला. पन्नासाव्या पावलाला विकायला काढलेली जमीन संपली होती. सत्तराव्या पावलाला आमच्या माडांच्या बागेचे गडगे लागले. शंभरावे पाऊल पडले ते आजोबांनी खणलेल्या विहिरीच्या कठड्याशी.

“मगे आता सांग,” काका म्हणाले, “आपली बावडी गावाची करूची की नाय?”